वन्संचं दुसरं ‘नक्की’

वन्सं, तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. ही बातमी तुम्हाला द्यायलाच हवी, कारण तुम्ही असतात तर सगळ्यांत जास्त तुम्हीच हसला असतात. इंद्रायणीच्या काठी आम्ही सगळे हात जोडून उभे, वरून बुरबुर पाऊस, आणि समोरच्या बाभळीवर बसलेले कावळे आमच्याकडे ढुंकूनही बघायला तयार नाहीत. अनंत चतुर्दशी उलटली आणि तुम्ही गेलात, त्यामुळे दहावा बरोबर पितृपक्षात आला. गुरुजी म्हणाले, या पंधरवड्यात कावळ्यांना घरोघरी आमंत्रणं असतात, त्यांना भूकच नसते.

मग आश्वासनं सुरू झाली. तुमचे बंधुराज, म्हणजे आमचे हे, पुढे झाले आणि म्हणाले की ताई, वलवणचं तुझं घर मी विकणार नाही. कावळे हलले नाहीत. आमच्या लेकीने तुमच्या सगळ्या कुंड्यांना रोज पाणी घालायचं कबूल केलं. त्यावर एक कावळा उडाला खरा, पण तो पलीकडच्या कुटुंबाच्या पिंडावर जाऊन बसला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला काय हवं होतं ते मला एकटीलाच ठाऊक होतं. मी डोळे मिटले आणि पुटपुटले, “उतरते बाई तुमचा तो म्हसोबाचा उतार. सायकलवरून. पाय न टेकता.”

डोळे उघडले तर कावळा पिंडावर. तुम्ही असतात तर लगेच सांगितलं असतंत की नेमकी तेव्हाच बुरबुर थांबली होती, आणि ओल्या पंखांनी उडायचा कावळ्यांनाही कंटाळा येतो. मान्य. पण शब्द दिला तो दिलाच, आणि तोही सगळ्या नातेवाइकांसमोर, कारण माझं पुटपुटणं जरा मोठ्यानेच झालं होतं. घरी येईपर्यंत गाडीत कोणी रडलं नाही. सगळे मला तो उतार केवढा आहे ते विचारत होते.

आजच्या काळात नणंदेला वन्सं कोण म्हणतं, असंही तिथे एका लांबच्या मावशींनी विचारलं. मग मला माझ्या लग्नाची गोष्ट पुन्हा सांगावी लागली. ती तुम्हाला आवडायची नाही, तरी दर वेळी तुम्ही ती शेवटपर्यंत ऐकायचात.

मे महिना होता, तळेगावात घरासमोर मांडव पडला होता. तुम्ही नुकत्याच वेधशाळेत लागला होतात आणि मामंजींना तुमचा केवढा अभिमान. मांडववाल्याने विचारलं की वळवाचे दिवस आहेत, वर ताडपत्री बांधू का? मामंजींनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आदल्या दिवशीचे नकाशे डोळ्यांखालून घालून आला होतात. तुम्ही म्हणालात, “नक्की नाही पडणार.” घरचीच वेधशाळा असताना मांडववाल्याचं कोण ऐकणार? ताडपत्री टेम्पोतून परत गेली.

पहिली पंगत बसली आणि आभाळ फाटलं. जिलब्या पाण्यात पोहायला लागल्या, मठ्ठा आपोआप पातळ झाला, माझे मामा पान हातात घेऊन ओटीकडे पळाले. ज्याला जिथे आडोसा मिळाला तिथे तो घुसला आणि नवी नवरी मांडवाच्या मधोमध शालू सावरत तशीच उभी राहिली. तेवढ्यात माझ्या डोक्यावरचा पाऊस एकदम थांबला. वर बघितलं तर स्वयंपाकातली पितळी परात, आणि ती दोन्ही हातांनी माझ्यावर धरून तुम्ही उभ्या, स्वतः नखशिखांत भिजलेल्या. परातीवर पाऊस इतका वाजत होता की तुम्हाला माझ्या कानाशी तोंड आणावं लागलं. “चुकलं गं माझं,” तुम्ही म्हणालात. सासरच्या माणसाशी मी बोललेलं पहिलं वाक्य त्यावर तोंडातून निघून गेलं. “वन्सं, तुमच्या वेधशाळेला खिडकी नाही का?”

वन्सं हे मी चेष्टेनेच म्हटलं होतं, जुन्या नाटकातल्या सुनेसारखं. तुम्ही इतक्या हसलात की परात कलंडली आणि तिच्यात साठलेलं पाणी माझ्या मानेवरून आत गेलं. पुढे तुम्ही कितीदा सांगितलंत की अगं ताई म्हण, चारचौघांत कसं वाटतं ते. मी काही ऐकलं नाही.

त्या दिवसापासून मात्र ‘नक्की’ हा शब्द तुम्ही कायमचा टाकून दिलात. रविवारी जेवायला येणार का विचारलं की दाट शक्यता आहे, म्हणायचात. डाळ शिजली का बघा हो, म्हटलं तर झाकण उचलून बहुतांश ठिकाणी शिजली आहे, असं उत्तर यायचं. आमच्या लेकीला मुलगा बघायला आला तेव्हा तो गेल्यावर सगळ्यांनी तुमचं मत विचारलं, तर तुम्ही म्हणालात की सकाळी हलकं ऊन आहे, दुपारनंतरचं सांगता येत नाही. पुढे त्यांचं लग्न झालं, आणि दुपारनंतरचं तुम्ही बोलला होतात ते तिला अजून आठवतं.

तुमची नोकरी मला अशीच थोडीथोडी कळत गेली. आधी फुगे. पहाटे उठून गॅसने भरलेला भलामोठा फुगा आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्याचा माग काढत वरचा वारा कुठून कुठे वाहतोय ते मांडायचं. सासूबाईंना कोणी विचारलं की मुलगी काय करते, तर त्या मोठ्या दिमाखात सरकारी नोकरीत आहे म्हणायच्या आणि तुम्ही आतल्या खोलीतून ओरडायचात, “फुगे सोडते!” स्थळ घेऊन आलेली माणसं त्यानंतर चहाचा कप लवकर खाली ठेवायची. तुम्ही ते मुद्दाम करायचात, असा माझा पहिल्यापासून संशय आहे.

मग बदल्या झाल्या. समुद्रकाठच्या एका एवढ्याशा केंद्रावर तुम्ही काही वर्षं काढलीत, तिथून पार आसामकडे गेलात, नंतर विमानतळावर वैमानिकांना पुढच्या वाटेवरचं हवामान सांगायला लागलात. बाई सांगतेय म्हणून एकजण पुन्हा कोणालातरी विचारायला गेला आणि तो परत येईपर्यंत धुकं उतरलं, ही गोष्ट तुम्ही हावभाव करून सांगायचात. खात्याच्या परीक्षा देत देत शेवटी पुण्यात अंदाजाच्या टेबलावर बसलात. समोर देशाचा नकाशा आणि हातात पेन्सिल. पुढे संगणक आले आणि पेन्सिल गेली, याचं तुम्हाला मनापासून वाईट वाटलं होतं. अंदाज चुकला की आमचा दूधवालासुद्धा मला ऐकवायचा, आणि मी तुम्हाला फोन करून ते जसंच्या तसं पोचवायचे. तुम्ही शांतपणे म्हणायचात, बरोबर आला त्या दिवशीही त्याला फोन करायला सांग.

निवृत्त झालात, शाल-श्रीफळ मिळालं. वलवणला धरणाजवळ लहानसं घर घेतलंत, इथवर सगळं शहाण्या माणसासारखं. मग एक दिवस तुम्ही तळेगावला आमच्या दारात उभ्या, डोक्यावर हेल्मेट, हातात जाड टायरची गियरची सायकल. तुमच्या बंधुराजांच्या हातातला पेपर खाली पडला. ताई, या वयात गुडघे सांभाळायचे का डोंगर चढायचे, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, “अरे, घाटमाथ्यावर जन्मभर मुसळधार पाऊस पाडला मी. तो पडतो कुठे ते एकदा जाऊन बघते.”

मला मात्र स्वयंपाकघरात येऊन वेगळंच सांगितलंत. “तू खिडकीचं विचारलं होतंस ना? खिडकी होती गं. पण तिच्यातून स्कूटरचं पार्किंग दिसायचं.” इतकी वर्षं तुम्ही ते वाक्य जपून ठेवलं होतंत. मी फोडणी करपेपर्यंत हसत होते.

पुढच्याच महिन्यात माझ्यासाठी जुनी सायकल घेऊन आलात. सायकल मला येत होती, शाळेत शिकवायला मी वर्षानुवर्षं लेडीज सायकलवर गेले. पण माझ्या सायकलला डांबरी रस्ता लागायचा आणि तुम्हाला डांबर दिसलं की चुकल्यासारखं व्हायचं. तुम्ही वलवणहून यायचात, मी तळेगावहून, आणि कामशेतला टपरीवर चहा घेऊन आपण आत वळायचो. शनिवार-रविवार कधीच नाही, कारण तेव्हा लोणावळ्याकडे गाड्यांची जी रांग लागते तिच्यात सायकलही अडकते. पहिल्या चढावर मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते आता सांगत नाही. पण वर पोचल्यावर तुम्ही मला खाली बसवलंत, समोरच्या दरीकडे हात केलात आणि वारा डोंगराला धडकून वर कसा चढतो, गार होतो, त्याचा ढग कसा होतो ते समोर घडताना दाखवलंत. तुम्ही टाळ्या वाजवत होतात, वन्सं. साठी उलटलेली बाई ढग तयार झाला म्हणून टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी मी सायकल परत द्यायचा विचार सोडून दिला.

आपलं सगळं जमलं, एक उतार सोडून. वडिवळे धरणाच्या वरच्या पठारावरून भाताच्या खाचरांपर्यंत येणारी ती दगडगोट्यांची गाडीवाट. तिच्या तोंडाशी शेंदूर फासलेला म्हसोबा. मी तिथे त्याला नमस्कार करायचे तो सायकलवरून उतरूनच, आणि पुढे सायकल हातात धरून पायी खाली यायचे. तुम्ही मात्र धडधडत निघून जायचात आणि खाली जांभळाखाली थर्मास उघडून माझी वाट बघत बसायचात. चहा पिताना भांडण ठरलेलं. तुमचं म्हणणं, मी दोन्ही ब्रेक घट्ट आवळते म्हणूनच चाक घसरतं, ब्रेक हलका सोड आणि चाकाखालच्या दगडाकडे नको, लांब बघ. माझं म्हणणं, लांब बघितलं तर लांब पडेन. कधी मी धीर करून पहिल्या वळणापर्यंत सायकलवर बसून आलेच, तर तुम्ही खालून वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात “मीना, बूड मागे ने!” असं ओरडायचात आणि खाचरातल्या बायका काम थांबवून माझ्याकडे बघायच्या. मी एकदा दोन आठवडे तुमच्याशी बोलले नव्हते ते यामुळेच.

ती खाचरं पारूमावशींची. मावशी आपल्या दोघींपेक्षा वयाने मोठ्या, आणि तुम्ही वेधशाळेतल्या हे कळल्यापासून त्यांनी तुम्हाला पकडलंच होतं. दर वर्षी भात पिकायला आलं की त्यांचा प्रश्न यायचा, “ताई, परवा कापाया घेते म्हंते. पाऊस यील का?” तुम्ही पश्चिमेकडे बघून म्हणायचात की शक्यता कमी आहे. “आगं शक्यता-बिक्यता मला नगं. यील का न्हाई त्येवढं बोल.” तुम्ही तुमचं सोडायचा नाहीत. “लय शिकलीस बाई,” मावशी म्हणायच्या, “पर येक सबद सरळ बोलाया न्हाई शिकलीस.” मग त्या त्यांना हवं तेव्हा कापायच्या. भात भिजलं तर बोल तुम्हाला, आणि कोरडं घरी गेलं तर तुमच्यासाठी नव्या तांदळाची पिशवी. ती पिशवी हँडलला बांधून तुम्ही तोच खडा रस्ता परत वर चढायचात.

यंदा पाऊस भरात असताना तुमचं पोट दुखायला लागलं. तपासण्यांमध्ये असं काही निघालं की डॉक्टर तुमच्याऐवजी ह्यांच्याकडे बघून बोलायला लागले. तुम्ही म्हणालात, “माझ्याकडे बघून बोला. अनिश्चित गोष्टी सांगण्यात माझी हयात गेली आहे.” डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यानंतर तुमचंच बोलणं जास्त झालं. तुम्ही खिडकीजवळची खाट मागून घेतलीत. सिस्टर सलाइन बदलायला आल्या की त्यांनाही बाहेरचा ढग दाखवायचात, आणि त्या दुसऱ्या दिवशी आपण होऊन विचारायच्या की आज कोणता आलाय.

एका दुपारी आपण दोघीच होतो. मी धीर करून विचारलं की दिवाळीला घरी याल ना? तुम्ही खिडकीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. “शक्यता कमी, मीना.” मला रडू आवरेना. तुम्ही मला रडू दिलंत, आणि मग माझा हात धरून म्हणालात, “पण तू म्हसोबाचा उतार उतरणार, हे नक्की.”

मी रडता रडता मान वर केली. माझ्या लग्नानंतर तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तुम्हाला त्या जिलब्यांची आठवण करून दिली. “म्हणून तर,” तुम्ही म्हणालात. “एक वाया गेलं. दुसरं तरी खरं कर.”

तर आता ऐका. नवरात्र झालं, कोजागरी झाली, खाचरं पिवळी पडायला लागली. उतार वाळला आणि माझे बहाणे संपले. काल सकाळी मी निघाले, तेव्हा तुमचे बंधुराज बरोबर आले. त्यांच्या पिशवीत डेटॉल, कापूस, क्रेप बँडेज, ग्लुकोजचा पुडा आणि नारळ. नारळ त्यांनी म्हसोबापुढे फोडला आणि मला म्हणाले, अजून विचार कर, कावळ्याला काय कळतंय. मी त्यांना सांगितलं की शब्द कावळ्याला दिलेला नाही. डोक्यावर तुमचं हेल्मेट होतं. पट्टा तुमच्या हनुवटीच्या मापाचा, तो मी बदलला नाही.

सायकलवर बसून म्हसोबाला नमस्कार केला आणि सोडली. पहिल्या वळणापर्यंत मी पूर्वीसारखीच, ब्रेक आवळलेले, नजर चाकाखाली, आणि मागचं चाक डावीकडे पळायला लागलं. तेव्हा तुमचा आवाज आला वगैरे मी म्हणणार नाही, तुम्हाला असलं आवडायचं नाही. मला फक्त तुमची ती ओरड आठवली आणि लाज वाटून मी बूड मागे नेलं. बोटं सैल सोडली. मान वर केली तर समोर सगळी पिवळी खाचरं, पलीकडे धरणाचं पाणी, आणि सायकल आपली आपण दगडांवरून टणाटण चाललेली. मी ओरडत होते, वन्सं. भीतीने नाही. ह्यांना वरून वाटलं मी पडले, म्हणून ते पिशवीसकट पळत सुटले.

जांभळापाशी थांबायचं असतं हे मी विसरले. मी बांधावरून सरळ पारूमावशींच्या खाचराच्या कडेला गेले आणि चिखलात चाक रुतल्यावर थांबले. पाय टेकला तो खाचरात, उतारावर नाही. यावर वाद घालायचा असेल तर खाली यावं लागेल.

मग मी जांभळाखाली बसले आणि थर्मास उघडला. नेहमी तुम्ही खाली आणि मी वरून येणारी, काल पहिल्यांदा मी खाली बसून वाट बघत होते. ह्यांचे पाय चपलांतून घसरत होते, एका हाताने झुडपं धरत, दुसऱ्या हाताने बँडेजची पिशवी छातीशी धरून ते एकेक पाऊल टाकत होते. मला हसू येत होतं आणि त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकावासाही वाटत होता. तुम्ही दर वेळी इथे बसून हसायचात आणि मला वाटायचं, चिडवताहेत. तुम्ही मला असं बघत होतात होय. मला फार आठवण आली हो तुमची.

पारूमावशी विळा कमरेला खोचून आल्या. तुमचं त्यांना कळलं होतं. त्या माझ्या चिखलाच्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताईवानीच आलीस की गं. म्या म्हनलं तीच आली.” आम्ही दोघींनी डोळे पुसले. ह्यांना पोचायला अजून वेळ होता. मावशींनी पिकलेल्या भाताकडे हात केला आणि मला विचारलं, “परवा कापाया घेते म्हंते. पाऊस यील का?”

मी पश्चिमेकडे बघितलं. डोंगरावर दोन-चार पांढरे ढग होते, सपाट बुडाचे, तुम्ही शिकवलेले, न वाढणारे. मला अगदी खात्री वाटत होती. “शक्यता कमी आहे, मावशी,” मी म्हटलं.

“तू बी तसलीच,” त्या म्हणाल्या आणि माझ्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

तर वन्सं, तुमचं दुसरं ‘नक्की’ खरं झालं, एवढं कळवायला हे लिहायला बसले. पहिल्यावरून मी तुम्हाला जन्मभर छळलं आणि जे बोलायला हवं होतं ते राहूनच गेलं. त्या दिवशी पाऊस पडला नसता तर मी कोरडीच घरात आले असते, वाकून नमस्कार केला असता आणि तुम्हाला ताई म्हणत राहिले असते, चार सुना म्हणतात तसं. ती परात माझ्या डोक्यावर आलीच नसती. ताडपत्री परत पाठवलीत त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते.